ख्रिस्ती पुस्तकं आणि भेटवस्तू: टेबलाशी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळच्या आधीचे चार रविवार आमच्या चर्चच्या आवारात पुस्तकांचं टेबल लागतं. तिथे मी बसते. माझं माहेर नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे आमच्या एकाच घरात ‘उपासना’ही असते आणि ‘मिस्सा’ही, ‘पाळक’ही असतात आणि ‘फादर’ही. भेट म्हणून काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही, यावरून दोन्हीकडच्यांनी माझे कान पुरेसे पिळलेले आहेत. टेबलाशी येणारी माणसं बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

भेट द्यायला काहीतरी चांगलं दाखवा ना.

दाखवते, पण आधी सांगा, वाचणार कोण? गिऱ्हाईक मला बजेट सांगतं, प्रसंग सांगतं, ‘जरा भारीतलं’ असं सांगतं. वाचणाऱ्याबद्दल मात्र मला विचारून घ्यावं लागतं. वय किती हा त्यातला सोपा भाग. डोळे कसे आहेत? देवनागरी सराईत वाचता येते का? कोणत्या चर्चला जातात? या तीन गोष्टी कळल्या की निम्मं टेबल आपोआप बाजूला होतं.

एका गृहस्थांनी आईसाठी सोनेरी कडांचं, चेन लावलेलं, चामडी वेष्टनाचं बायबल घेतलं. देखणं होतं. पुढच्या रविवारी तेच हातात घेऊन परत आले. आईंनी ते कपाळाला लावलं, उशाशी ठेवलं आणि पुन्हा आपलं जुनंच उघडलं. नव्यातलं अक्षर त्यांना लागत नव्हतं.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायबल वेगळं असतं का?

असतं, आणि भेट देताना सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. नवा करार दोघांचा एकच, 27 पुस्तकांचा. फरक जुन्या करारात आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये त्याची 39 पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये 46. म्हणून एकूण 66 आणि 73. तोबित, यहुदीथ, बारूख, मक्काबींची दोन पुस्तकं अशी जी नावं आहेत ती कॅथलिक प्रतीतच सापडतील. विकत घेताना अनुक्रमणिका उघडा आणि जुन्या करारात मक्काबी दिसतात का ते बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

चुकीचं दिलं तर कोणी भांडत नाही, पण ते कपाटात जातं. कॅथलिक घरात मिस्सेचं वाचन घरी काढून बघतात. त्या दिवशी वाचन तोबितमधून असेल आणि तुमच्या भेटीत तोबितच नसेल, तर पुन्हा ते बायबल कोण उघडणार?

मराठी बायबलची कोणती आवृत्ती घ्यावी?

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, कारण मराठीत बायबल एकदाच झालेलं नाही. विल्यम कॅरींनी 1811मध्ये मराठी नवा करार छापला तो श्रीरामपूरला. बंगालातलं श्रीरामपूर बरं का, आमच्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. माहेरी निम्म्या लोकांचा हा गोड गैरसमज आहे आणि मी तो अजून सगळ्यांचा दूर केलेला नाही. त्यानंतर मुंबईत आणि नगरला मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या पंडितांनी पिढ्यानपिढ्या ते घासलं, बदललं, सुधारलं. आज प्रोटेस्टंट चर्चमध्ये जे ‘पवित्र शास्त्र’ वाचलं जातं त्याची भाषा त्या परंपरेतून आली आहे. भारदस्त, किंचित जुन्या वळणाची. ज्यांची वचनं लहानपणी पाठ झाली ती याच शब्दांत झाली. अशा माणसाला सोप्या मराठीतलं बायबल दिलंत तर तो म्हणेल, ‘हे बरोबर नाही.’ बरोबर असतं, पण त्याच्या कानाला बरोबर लागत नाही.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर हा वेगळाच विषय. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबल एकटीने मराठीत आणलं. साध्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. दौंडजवळच्या केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, तिथल्याच मुलीबायकांनी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवून ते छापलं. रमाबाई एप्रिल 1922मध्ये गेल्या आणि सबंध बायबल 1924मध्ये बाहेर आलं. एका बाईने एकहाती केलेलं भाषांतर आणि बायकांनीच जुळवलेले खिळे, हे वाक्य मी टेबलाशी उभ्या असलेल्या प्रत्येक कॉलेजच्या मुलीला ऐकवते, तिने विचारलेलं असो वा नसो.

आजच्या मराठीत वाचायचं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा भाषांतराचा पुरस्कार मिळाला. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही मी हेच सुचवते, कारण ते वाचताना सारखं कोणाला विचारावं लागत नाही.

ठरत नसेल तर दोन आवृत्त्यांमध्ये स्तोत्र 23 उघडा, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ पासून पुढे मोठ्याने वाचा. वाचता वाचता जिथे तुमचा स्वर आपोआप खाली येतो ती आवृत्ती तुमची.

आजी-आजोबांसाठी काय द्यावं?

मोठ्या अक्षरांचं. पण इथे एक मेख आहे. संपूर्ण बायबल मोठ्या अक्षरांत छापलं की ते विटेसारखं जड होतं. आजीला अक्षर दिसतं, पण उचलवत नाही. शिवाय बायबलचा कागद पातळ, पलीकडची अक्षरं अलीकडे दिसतात, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो. म्हणून मी सांगते, सबंध ग्रंथ नको, नुसती स्तोत्रसंहिता घ्या किंवा नवा करार आणि स्तोत्रं एकत्र असलेली प्रत. म्हातारी माणसं फिरून फिरून तिथेच येतात. सोबत घडीचं लाकडी स्टँड दिलंत तर दुवा मिळेल.

अजिबातच दिसत नसेल तर ऐकायची सोय बघा. मराठी नवा करार ध्वनिरूपात मोबाइलच्या ॲपवर फुकट मिळतो. नातवाने एक रविवार बसून तो लावून द्यायचा आणि कुठलं बटण दाबायचं ते शिकवायचं. ही भेट टेबलावर मिळत नाही. ब्रेलमध्ये बायबल असतं, पण ते एका पुस्तकात मावत नाही, अनेक जाडजूड खंडांचं कपाट होतं. ब्रेल वाचणाऱ्याला द्यायचं तर एखादं शुभवर्तमान, म्हणजे नव्या करारातलं येशूचं चरित्र, द्या. मार्कचं सगळ्यात छोटं आहे.

आणि आजींना बायबल आधीच तीन असतील तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ द्या. माझ्या सासूबाईंनी सत्तराव्या वर्षी ते पहिल्यांदा वाचलं आणि आठवडाभर घरात त्यावाचून दुसरा विषय नव्हता.

लहान मुलांसाठी?

दोन-तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला पुठ्ठ्याची पानं हवीत, कारण पुस्तक आधी तोंडात जातं. नोहाचं तारू, योना आणि मासा, गव्हाणीतलं बाळ, एवढं पुरे. वाचणारे तुम्हीच असणार, तेव्हा मजकूर तुमच्या जिभेला सोपा आहे का ते बघा. मराठीतली बरीच चित्रमय बायबलं परदेशी पुस्तकांवरून भाषांतरित आहेत आणि काही भाषांतरं इतकी ताठ असतात की ‘त्याने त्यांना म्हटले की’ म्हणता म्हणता मूल झोपून जातं. झोपवायलाच हवं असेल तर उत्तम.

पहिली ते चौथीच्या मुलांना गोष्ट हवी असते, बोध नको. गोष्टीखाली ‘यावरून आपण काय शिकलो?’ असा चौकोन छापलेलं पुस्तक मी शक्यतो बाजूला ठेवते. दावीद आणि गल्याथ वाचल्यावर काय शिकायचं ते मूल गोफण घेऊन दाखवतंच.

आठ-दहा वर्षांनंतर ना. वा. टिळक द्या. ज्यांना मराठी मुलं पिढ्यानपिढ्या ‘केवढे हे क्रौर्य’मधल्या त्या जखमी पक्षिणीमुळे ओळखतात, तेच हे टिळक. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणायचे. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘बालबोधमेवा’ मासिकाशीही त्यांचा संबंध होता. मराठी मुलांसाठी खास मासिक असावं ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच आली होती, आणि आपण मात्र नातवासाठी विमानतळावरून इंग्रजी पुस्तक आणतो.

मुलांच्या पुस्तकातला येशू नेहमी गोरा, निळ्या डोळ्यांचाच का?

चित्रं तिकडून येतात म्हणून. हा प्रश्न एका सात वर्षांच्या मुलीने विचारला होता, तिच्या वडिलांनी तिला गप्प केलं आणि मला वाईट वाटलं. प्रश्न बरोबर होता.

त्यावर आपल्याकडे उत्तर आहे आणि ते जुनं आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले अँजेलो द फोन्सेका (1902 ते 1967) या चित्रकाराने मरियेला साडी नेसवली, येशूला आपल्या मातीतला चेहरा दिला. काहींना त्या काळी ते रुचलं नाही. त्यांची पुष्कळ चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. गोव्याला जाणार असाल तर जुन्या गोव्याची चर्चेस बघून झाल्यावर तिकडे वाट वाकडी करा. मुलांना न्या. पुस्तकाहून ही भेट मोठी होईल.

नातू इंग्रजी शाळेत आहे, मराठी बोलतो पण वाचत नाही. त्याला काय देऊ?

मराठी-इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेलं बायबल मिळतं. डाव्या बाजूला अडलं की उजवीकडे बघायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते छान जमतं.

एक गंमत सांगते. मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’. ते 1616मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं तेच मुळी रोमन लिपीत, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे मोबाइलवर ‘kasa aahes’ अशा धर्तीचं मराठी टाइप करणारा तुमचा नातू नवीन काही करत नाहीये, जेझुइट संघाच्या फादरांनी चारशे वर्षांपूर्वी तेच केलं. हे त्याला सांगून बघा, त्याची मान ताठ होते. मग हळूच देवनागरीकडे वळवा.

क्रिस्तपुराण भेट द्यावं का?

देणाऱ्याला मोह होतो खरा. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि मराठीची थोरवी सांगणारी ‘भाषांमाजी चोखळा भाषा मराठी’ ही ओवी तर शाळेच्या फळ्यावरही दिसते. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने ती लिहिली हे ऐकून पाहुणे थक्क होतात. त्या काळच्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. हस्तलिखितं टिकली म्हणून ग्रंथ वाचला, आणि विसाव्या शतकात तो देवनागरीत आला.

पण भाषा चारशे वर्षांपूर्वीची आहे. ज्याला ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत वाचायची सवय आहे त्याला ते लोण्यासारखं जाईल. इतरांना द्यायचं तर आधुनिक मराठीत गद्य अर्थ दिलेली आवृत्ती बघा. आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते उपवासकाळात रोज थोडं थोडं वाचलं, चाळीस दिवस. ओव्या चालीवर म्हटल्या तर जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. माझाही अनुभव तोच.

कॉलेजातली मुलगी म्हणते, ‘धार्मिक काही नको.’

मग धार्मिक देऊ नका. ‘स्मृतिचित्रे’ द्या. ना. वा. टिळकांनी 1895मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हादरल्या, वेगळ्या राहिल्या, नवऱ्यावर रागावल्या, सोवळं जपत राहिल्या, मग एकेक करत ते सुटत गेलं आणि 1900मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्या अशा सांगतात की तुम्ही रडत असताना खुदकन हसता. त्यांना शाळा नव्हती, म्हणूनच बहुधा त्यांचं मराठी इतकं जिवंत आहे. घेताना एकच पाहा. संक्षिप्त आवृत्तीही बाजारात असते, ती शाळकरी वाचकाला ठीक. मोठ्या माणसाला सबंध द्या. लेखिकेला जाऊन साठ वर्षं केव्हाच उलटली, त्यामुळे हे पुस्तक कोणीही छापू शकतं. चांगली छपाई आणि टिपा असलेली प्रत निवडा. मराठी वाचता न येणाऱ्या पुतणीसाठी शांता गोखले यांचा 2017चा इंग्रजी अनुवाद आहे.

दुसरं नाव रमाबाईंच्या अमेरिकेच्या प्रवासवृत्ताचं. 1889चं पुस्तक आहे. एक विधवा मराठी बाई अमेरिका बघते आणि तिथल्या बायकांच्या संस्था, शाळा, चालीरीती यांबद्दल घरच्यांना सांगते. त्यात भाबडेपणा नाही, तिथल्या वर्णभेदावरही बोट ठेवलेलं आहे. तिसरं बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, 1857चं, विधवांच्या हालांवरचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. साहित्य शिकणाऱ्या मुलीला द्या. नुसती गोष्ट हवी असणाऱ्या मुलीला नको, ती दहाव्या पानावर कंटाळेल आणि मला नावं ठेवेल.

दिब्रिटोंचं आत्मचरित्र ‘नाही मी एकला’ मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांना जास्त आवडतं असं दिसलंय, निदान वसईत तरी. पाणी, जमीन, हरित वसईची चळवळ, तो सगळा काळ आमच्यापैकी अनेकांनी रस्त्यावर उभं राहून पाहिलेला.

ख्रिस्ती नसलेल्या मित्राला काय द्यावं? गैरसमज तर होणार नाही ना?

होऊ शकतो, म्हणून पुस्तक असं द्या की ते आधी चांगलं मराठी पुस्तक असेल. ‘स्मृतिचित्रे’ कोणाच्याही घरी शोभतं. कवितेची आवड असलेल्याला टिळकांचे अभंग द्या. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं सांगणारा कवी वारकरी घरातल्या वाचकाला परका वाटत नाही. प्रवासाची आवड असेल तर दिब्रिटोंचं ‘ओॲसिसच्या शोधात’.

एक विनंती. पुस्तकात पत्रक सरकवू नका. भेट उघडताना पानांतून घडीपत्रिका गळून पडली की मित्राचा चेहरा काय होतो ते मी पाहिलेलं आहे.

बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन, लग्न, घरभरणी: कशाला काय?

बाप्तिस्म्याला बाळाच्या नावाचं बायबल द्यायची पद्धत आमच्या नगरकडे आहे. बाळ ते वाचेल पंधरा वर्षांनी, तोवर शिलाई टिकायला हवी. म्हणून चिकटवलेल्या बांधणीचं घेऊ नका, शिवलेलं घ्या. पान मधोमध उघडून बघा, दोरा दिसतो.

पहिल्या कम्युनियनला वसईत जपमाळ आणि प्रार्थनेची छोटी पुस्तिका देतात. जपमाळेची पुस्तिका घेताना त्यात प्रकाशाची रहस्यं आहेत का ते तपासा. रहस्यं म्हणजे जप करताना मनात आणायचे प्रसंग. प्रकाशाची रहस्यं पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002मध्ये जोडली. त्याआधी छापलेल्या, पडून राहिलेल्या पुस्तिकांत आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची एवढीच असतात. मणी एकोणसाठ आहेत ना तेही मोजा. हसू नका, स्वस्तातल्या माळांत कमी भरतात.

लग्नाला बायबल देण्याआधी घरात विचारा. आम्हाला लग्नात बायबल सात मिळाली आणि कुकर एकही नाही. त्याऐवजी गीतांचं पुस्तक द्या. प्रोटेस्टंट घरात ‘उपासना संगीत’ रोज लागतं आणि नव्या जोडप्याकडे स्वतःची प्रत नसते, दोघंही आईच्या घरची वापरत असतात. कॅथलिक घरासाठी मात्र त्यांच्या चर्चमध्ये कुठलं गीतपुस्तक चालतं ते बघूनच घ्या.

घरभरणीला वचनाची पाटी. ‘मी व माझे घराणे’ हे यहोशवाचं वचन इतक्या भिंतींवर आहे की नवीन काहीतरी शोधा, एवढंच म्हणते.

क्रूस किंवा मूर्ती भेट दिली तर चालेल?

कॅथलिक घरात चालते, आवडते. प्रोटेस्टंट घरात साधा, रिकामा क्रूस चालतो. त्यावर ख्रिस्ताची आकृती असली किंवा सोबत मरियेची मूर्ती असली तर घरमालक हसून घेतील आणि उद्या ती वस्तू कपाटात जाईल. माझ्या वडिलांनी माझ्या सासऱ्यांनी दिलेली मूर्ती अकरा वर्षं नीट कागदात गुंडाळून ठेवली होती. टाकली नाही, लावलीही नाही. व्याही घरी येणार असले की मात्र ती दिवाणखान्यात यायची.

बेथलेहेमहून आलेले ऑलिव्हच्या लाकडाचे क्रूस आणि गव्हाणीचे देखावे दोन्हीकडे चालतात. तिथल्या ख्रिस्ती कारागिरांचा तो पिढीजात धंदा आहे. कोणी पवित्र भूमीच्या यात्रेला जात असेल तर त्यांनाच आणायला सांगा.

आशीर्वाद केलेली जपमाळ तुमच्याकडे मिळेल का?

नाही, आणि कोणी तसं म्हणून विकत असेल तर घेऊ नका. आशीर्वादित वस्तूची विक्री होत नाही. आधी विकत घ्यायची, मग फादरांकडे न्यायची. हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेत किंवा बांद्र्याच्या जत्रेत सप्टेंबरात माळा घेतल्यात तरी हेच.

मासिकाची वर्गणी भेट देता येते का?

येते, आणि मला ती फार आवडते, कारण ती वर्षभर दारात येत राहते. जेझुइटांचं ‘निरोप्या’ 1903पासूनचं आहे. वसईचं ‘सुवार्ता’ आमच्या घरी येतं आणि पहिलं कोण वाचणार यावरून वाद होतो. नगरचं ‘ज्ञानोदय’ तर 1842चं, मराठीतल्या अगदी जुन्या नियतकालिकांपैकी एक. त्याचे जुने अंक हा अभ्यासकांचा खजिना आहे. वर्गणीचे दर त्या त्या कार्यालयात विचारून घ्या.

जुनं, फाटलेलं बायबल आहे. रद्दीत द्यायला मन होत नाही. काय करू?

देऊ नका, आधी उघडा. पहिली कोरी पानं, जुना करार आणि नवा करार यांच्या मधली पानं, मागचा पुठ्ठा. जुन्या घरांत जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू सगळं तिथेच लिहायचे. जन्मदाखले नव्हते तेव्हा घरचं दप्तर म्हणजे बायबल.

आमच्या माहेरच्या बायबलात पणजोबांच्या हाताची नोंद होती, मोडी लिपीत. तीन पिढ्यांना ती वाचता येत नव्हती. सगळे म्हणायचे, ‘काहीतरी वचन असेल.’ मोडी जाणणाऱ्या एका बाईंना फोटो पाठवला तर निघाल्या पाच मुलांच्या जन्मतारखा, त्यातली दोन मुलं घरात कोणाला माहीतच नव्हती. तान्हेपणीच गेलेली. आणि आजीचं वय आम्ही समजत होतो त्याहून दोन वर्षांनी जास्त निघालं. ती तेव्हा हयात होती. तिने मान्य केलं नाही.

तर आधी त्या पानांचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात. मग जुन्या पद्धतीचं काम करणाऱ्या बाइंडरकडे न्या आणि नव्याने शिवून घ्या. कडा कापू नका असं त्याला बजावून सांगा, कारण यंत्रावर कडा सरळ करताना समासातल्या नोंदी जातात. घरी सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते आणि काही वर्षांनी पान सोबत घेऊन निघते. आमच्या कोकणपट्टीत पावसाळ्यात बुरशी येते, कसर लागते. पुस्तक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलं तर दमट हवा आतच कोंडते. सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून सावलीत उघडं ठेवा.

शिवण्यासारखंच राहिलं नसेल तर कॅथलिक रीतीत आशीर्वादित वस्तू आदराने जाळतात किंवा पुरतात. प्रोटेस्टंटांत असा नियम नाही. वडिलांनी मात्र आमचं एक वाळवी लागलेलं बायबल परसात पेरूखाली पुरलं आणि कोणाला सांगितलं नाही. आम्ही खिडकीतून बघत होतो.

भेट दिलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय लिहू?

कोणाला, कोणाकडून, कुठे, कोणत्या तारखेला. बस. छापील वचन शोधत बसू नका, पुस्तकात तीच आहेत. त्याऐवजी त्या दिवसाची एखादी ओळ लिहा: पाऊस होता, तू रडलीस, केक खारट झाला होता. पन्नास वर्षांनी कोणी ते पान उघडेल तेव्हा हेच वाचेल. शाईच्या पेनने लिहू नका, बायबलचा कागद शाई पितो.

बाहेरगावी, परदेशी पाठवता येईल का?

गावी पाठवायला टपाल बरं. पूर्वी रजिस्टर्ड बुकपोस्ट स्वस्त पडायचं, ते डिसेंबर 2024मध्ये बंद झालं. खर्च वाचवायला दोघातिघांची पुस्तकं एकाच पार्सलात बांधा. परदेशी कुरिअरचा खर्च कित्येकदा पुस्तकाहून जास्त होतो. कोणी सुट्टीला येत असेल तर त्याच्याच बॅगेत घाला, मराठी माणसाच्या बॅगेत लोणच्याशेजारी एका पुस्तकाला जागा निघते. लोणच्याची बरणी आधी दोन पिशव्यांत बांधा.

बायबल इतकं स्वस्त कसं? पायरेटेड आहे का?

नाही. बायबल सोसायटीसारख्या संस्था देणग्यांच्या जोरावर किंमत कमी ठेवतात. म्हणून हजार-बाराशे पानांचं पुस्तक एखाद्या कादंबरीएवढ्या पैशांत मिळतं. छापील पुस्तकांवर जीएसटीही नाही.

सगळं मोबाइलवर आहे, मग विकत कशाला घ्यायचं?

मोबाइलवर वाचत असाल तर खुशाल वाचा, मीही बसमध्ये तेच करते. भेट मात्र मोबाइलवरची देता येत नाही.

नाही आवडलं तर बदलून मिळेल?

मिळेल, चारही रविवार. पहिल्या पानावर नाव लिहिलं असेल तर नाही. म्हणून टेबलाशी उभ्या उभ्या नाव लिहायची घाई करू नका, घरी जाऊन लिहा. पेन मागितलात तरी मी देत नाही.